मुलाच्या नावावर करणं म्हणजे मुलाची सोय लावणं नव्हे

गुरुजी, तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले नाही, दोन दिवस डोक्यात ठेवला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात असा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले शिक्षक, वय ६१, पत्नी ५७. थोरली मुलगी लग्न होऊन इचलकरंजीला. मुलगा २६ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता, दाखल्यावर ७५ टक्के. कोल्हापुरात स्वतःचं छोटं घर, कागल तालुक्यात वडिलांकडून आलेली सव्वा एकर उसाची जमीन आणि साधारण ३० लाखांच्या ठेवी. बँकेतले ओळखीचे म्हणतात, सगळं मुलाच्या नावावर करून टाका. भाऊ म्हणतो, शेत माझ्या नावावर कर, पोराला मी सांभाळतो. आणि तुम्ही विचारलंय, मृत्युपत्र करू की बक्षीसपत्र?

मी गेली २४ वर्षं कोल्हापुरात दिवाणी वकिली करते आणि अशी बरीच कुटुंबं माझ्या टेबलासमोर बसून गेली आहेत. जवळजवळ सगळेच हाच प्रश्न घेऊन येतात, कारण कागदाचं नाव आपल्याला माहीत असतं. पण गुरुजी, तुमचा खरा प्रश्न कागदाचा नाही. तुम्ही दोघं गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी सही कोण करणार, पैसा कोणाच्या ताब्यात असणार, त्याला जेवू कोण घालणार आणि या सगळ्यांवर लक्ष कोण ठेवणार, हा आहे. ही वेगवेगळी कामं आहेत. ती सगळी एकाच माणसाच्या गळ्यात घातली, की तो माणूस कितीही चांगला असला तरी दहा वर्षांत एक तर थकतो, नाही तर त्याचा हात सैल सुटतो. माझ्याकडे आलेली बहुतेक भांडणं तिथूनच सुरू झालेली आहेत.

आधी 'मुलाच्या नावावर' या सल्ल्याचं बघू. काही वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे आली (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). नवऱ्याने मुलगा १६ वर्षांचा असताना त्याच्या नावावर मोठी ठेव ठेवली होती, पालक म्हणून आईचं नाव. मुलगा १८ चा झाला, मधे वडील वारले आणि ठेवीची मुदत संपली. आई त्याला घेऊन बँकेत गेली. अधिकाऱ्याने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "बाळा, हे कशाचं आहे सांगशील?" त्याने पेन मुठीत धरलं, शाळेत शिकवलं होतं तसं सहीच्या चौकटीत एक मोठं गोल काढलं आणि शाबासकीसाठी आईकडे बघितलं. अधिकाऱ्याने फॉर्म परत घेतला. त्याचं काही चुकलं नव्हतं. १८ पूर्ण झाल्यावर आई ही कायद्याने पालक राहत नाही, आणि ज्याला व्यवहार समजत नाही त्याची सही किंवा अंगठा व्यवहाराला चालत नाही. स्वतःच्याच घरचा पैसा, पण औषधाला काढता येईना. पालकत्वाचा आदेश मिळेपर्यंत त्या बाईंनी नणंदेकडून उसने घेऊन घर चालवलं.

म्हणून तुमचं पहिलं काम मृत्युपत्र नव्हे, पालकत्व. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, तुमचा मुलगा त्यात बसतो. या कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. तिच्यावर जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. १८ पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक ही समिती नेमते, त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. तुम्ही आणि ताई (तुमच्या पत्नी) दोघांनी मिळून आत्ताच अर्ज करा. दिव्यांग प्रमाणपत्र सीपीआर रुग्णालयाचं जुनं कागदी असेल, तर आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) करून घ्या, पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात. पालक नेमला गेला की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब समितीला द्यायचा असतो. लोकांना हे जाचक वाटतं. मला ती या कायद्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, कारण तुमच्या माघारी जो कोणी पालक होईल त्यालाही हाच हिशेब द्यावा लागेल.

इथे एक गैरसमज वारंवार दिसतो. "मृत्युपत्रात लिहिलंय, माझ्यानंतर माझी मुलगी पालक." मुलगा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेपर्यंत बापाला मृत्युपत्राने पालक नेमता येतो. २६ वर्षांच्या मुलासाठी तसं करता येत नाही, तो अधिकार समितीचा. तरीही ते जरूर लिहा, कारण आईबापांची इच्छा कागदावर असली की समितीला निर्णय घ्यायला आधार मिळतो. मात्र आधी मुलीशी बोला. जावयांसमोर बोला. न विचारता तिचं नाव घालून ठेवलं आणि दहाव्या दिवशी पाकीट उघडल्यावर तिला कळलं, असं मी बघितलंय. ती बिचारी नाही म्हणू शकली नाही, पण तिच्या संसारात त्या दिवसापासून एक गाठ बसली.

आता बक्षीसपत्र. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला बक्षीस द्यायची तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, त्यामुळे मोह होतो. पण बक्षीसपत्र झालं की मालकी आजपासून गेली. उद्या तुमच्या स्वतःच्या आजारपणासाठी घरावर कर्ज काढायची वेळ आली, तर ते घर तुमचं नसेल. ज्याच्या नावावर ते आहे त्याला ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, मृत्युपत्र करून पुढे कोणाला देता येत नाही. घर त्याच्या नावावर अडकून राहतं. मृत्युपत्र तुम्ही कितीही वेळा बदलू शकता आणि ते तुमच्या पश्चातच लागू होतं. त्याला मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्यासारख्या घरात मी ती करायलाच लावते, सोबत डॉक्टरांचा दाखला की करणारा पूर्ण शुद्धीत आहे. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून शाबीत करून घेणं, कोल्हापुरात बंधनकारक नाही. आणि मृत्युपत्र एक नव्हे, दोन: ताईंचं वेगळं. त्यांच्या नावावरच्या ठेवी, सोनं, माहेरकडून आलेलं काही, हे बायका सांगतच नाहीत. दोघांपैकी आधी कोण जाणार ते कोणाला ठाऊक, म्हणून दोन्ही मृत्युपत्रं एकमेकांना जुळणारी हवीत.

मृत्युपत्र केलंच नाही तर? हिंदू उत्तराधिकार कायद्याने पत्नी, मुलगा, मुलगी यांना समान हिस्से. व्यंग आहे म्हणून वारसा जात नाही, हे त्या कायद्यात स्पष्ट आहे. पण हिस्सा मिळूनही तो वापरता येत नाही, म्हणजे आपण परत त्या बँकेतल्या टेबलापाशी आलो.

यावरचा माझा उपाय म्हणजे छोटा खासगी ट्रस्ट. ट्रस्ट म्हटलं की लोक दचकतात आणि थेट धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जातात. ते सार्वजनिक न्यासांसाठी. एका मुलाच्या भल्यासाठी केलेला ट्रस्ट १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याखाली येतो. कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, ट्रस्टचं वेगळं पॅन काढायचं, वेगळं खातं उघडायचं. मालक म्हणून विश्वस्त, लाभ फक्त मुलाचा. मुलाचा हक्क कागदात ठाम लिहा, 'विश्वस्तांना वाटेल तेव्हा, वाटेल तितकं' अशी मोघम भाषा नको. तसं लिहिलं की उत्पन्नावर सगळ्यात वरच्या दराने कर लागण्याची वेळ येते. मुलाच्या पश्चात उरलेलं कोणाला जाणार, तेही त्यातच लिहायचं. मुलीला, नातवंडांना, किंवा तो जिथे राहिला त्या संस्थेला, तुमची मर्जी.

काहीजण म्हणतील, ट्रस्ट मृत्युपत्रातच करा, हयातीत कशाला. चालतं, कायद्याने बरोबर आहे. पण माझा अनुभव सांगतो की हयातीत पाच-दहा हजारांनी का होईना सुरू करावा आणि बाकीचं मृत्युपत्राने त्यात टाकावं. वर्षभर तो चालवून बघितला की कोण हिशेब वेळेवर देतो आणि कोण फोन उचलत नाही, हे तुमच्या डोळ्यांदेखत कळतं. विश्वस्त तीन ठेवा. मुलगी एक, तुमच्या बाजूचा किंवा ताईंच्या माहेरचा एक, आणि एक घराबाहेरचा, ज्याचा मालमत्तेत काडीचा संबंध नाही. तुमचे एखादे जुने सहकारी, मुलाच्या शाळेतल्या बाई, किंवा ओळखीचे सीए. कोणी गेलं किंवा सोडलं तर पुढचा कसा नेमायचा हेही लिहा. तुमचा मुलगा २६ चा आहे, हा कागद ४० वर्षं टिकायला हवा.

आकड्यांचंही बोलते. ३० लाखांवर ७ टक्के धरले तर वर्षाला २ लाख १० हजार, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. आज त्याचा सगळा खर्च १५ हजार असेल तर पुरतात. पण महागाई ६ टक्क्यांनी वाढत राहिली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट आणि २४ वर्षांत चौपट होतो. तेव्हा तो पन्नाशीचा असेल, खर्च ६० हजार आणि व्याज तेवढंच साडेसतरा. म्हणून सगळं व्याज खर्च होऊ देऊ नका, काही भाग वाढता राहील अशी गुंतवणूक ठेवा. आणि घरही मृत्युपत्राने ट्रस्टकडे द्या. ताई असेपर्यंत त्यांना राहायचा पूर्ण हक्क, नंतर तो तिथे राहिला तर उत्तम, नाही तर भाड्यातून त्याच्या निवासी संस्थेची फी निघेल.

तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, ही मोठी जमेची बाजू आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही. तुमच्यानंतर ताईंना कुटुंब निवृत्तिवेतन. त्यांच्यानंतर, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते हयातभर मिळू शकतं. पण तुमच्या कागदांत मुलाचं नाव दिव्यांगत्वाच्या नोंदीसह आधीच असायला हवं. दाखला जोडून अर्ज आत्ता द्या आणि पोच घेऊन ठेवा. तुम्ही दोघं गेल्यावर हे सिद्ध करत बसणं मुलीला फार जड जाईल. (वाचणाऱ्यांत कोणी खासगी नोकरीतले असतील तर, ईपीएस ९५ मध्येही कायमचं आणि पूर्ण अपंगत्व असलेल्या अपत्याला हयातभर पेन्शनची तरतूद आहे.)

नॉमिनीबद्दल थोडक्यात. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांसाठी पैसे ताब्यात घेणारा. म्हणून मुलाला थेट नॉमिनी करू नका. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चारपर्यंत नॉमिनी एकापाठोपाठ एक लावता येतात. पहिल्या ताई, दुसरी मुलगी, आणि मृत्युपत्रात मुलीला व्यवस्थापक नेमून तो पैसा ट्रस्टकडे द्यायला सांगा. आयुर्विम्याचं थोडं वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पत्नी किंवा मूल नॉमिनी असेल तर रक्कम त्यांचीच होते, म्हणून तिथे नाव घालताना जास्त जपा. राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना अजून काढली नसेल तर काढा, १ लाखापर्यंतचं संरक्षण आहे.

इथपर्यंतचा क्रम एकदा सांगून ठेवते, कारण बरंच झालं: आधी पालकत्वाचा अर्ज आणि पेन्शनमधली नोंद, मग छोटा ट्रस्ट, मग दोघांची मृत्युपत्रं, शेवटी नॉमिनी त्यांना जुळवून घेणं.

आता शेत आणि तुमचा भाऊ. भावाच्या मनात खोट आहे असं मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखत नाही, आणि आपल्याकडे पुतण्याला पोटच्या पोरासारखं सांभाळणारे चुलते मी पाहिले आहेत. पण 'शेत नावावर कर, मी सांभाळतो' यात मालक, सांभाळणारा आणि देखरेख करणारा तिन्ही एकच माणूस होतो. भाऊ तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान असतील. ते थकले की शेत त्यांच्या मुलांकडे जाईल, आणि सांभाळायचा शब्द त्या मुलांनी दिलेला नाही. 'सांभाळीन' हा शब्द सातबाऱ्यावर चढत नाही.

शिवाय ते शेत एकट्याने देण्याचा अधिकार तुम्हाला आहे का, हेच आधी बघावं लागेल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि नुसतं वाचून मला सांगता येणार नाही. जमीन एकत्र कुटुंबाची असेल, तर त्यात तुमच्या मुलाचा आणि मुलीचाही जन्मतः हिस्सा आहे, तुम्ही सगळी कोणाला बक्षीस देऊ शकत नाही. वडिलांची स्वतः घेतलेली असेल आणि त्यांच्यानंतर वारसाने तुम्हा भावंडांकडे आली असेल, तर तुमचा हिस्सा तुमचा. जुने फेरफार काढून जमीन वडिलांकडे कशी आली ते बघा. सातबाऱ्यावर अजून 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून थोरल्याचंच नाव असेल, तर आधी वाटप करून घ्या. सगळ्यांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं. मुलाचा अंगठा कुठल्याही संमतीवर, हक्कसोडपत्रावर घेऊ देऊ नका. असा अंगठा टिकत नाही आणि पुढे सगळा व्यवहार कोर्टात जातो. त्याच्या वतीने सही लागणार असेल तर पालकत्वाचा आदेश हाताशी पाहिजे. तो आधी करा म्हणते ते यासाठीही. मुलीकडून साडीचोळी देऊन हक्कसोड घ्यायची आपल्याकडची रीतही इथे नको, तीच उद्या तुमच्या मुलाचा मुख्य आधार आहे.

शेतजमीन ट्रस्टच्या नावावर करणं कूळकायद्यामुळे सोपं नाही. म्हणून वाटप झाल्यावर तुमच्या हिश्श्याचं माझं मत असं: भावाला जमीन हवीच असेल तर बाजारभावाने विकत द्या, पैसे बँकेतून घ्या आणि ट्रस्टमध्ये टाका. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. विकायचं मनच होत नसेल, तर मशागत भाऊ करू देत, पण कारखान्याकडे उसाची नोंद तुमच्याच नावावर आणि बिल तुमच्याच खात्यावर राहू द्या. भावाचा वाटा तुमच्या हाताने द्या. आणि पुतण्यावर माया आहे तर त्यांना ट्रस्टमध्ये विश्वस्त घ्या. खरंच सांभाळायची इच्छा असलेला माणूस या मांडणीला नाही म्हणत नाही.

इतरांच्या प्रश्नांची उत्तरं वेगळी असतील, तीही दोन ओळींत देते. मूल अंध, कर्णबधिर किंवा चालता न येणारं असेल, पण व्यवहार समजत असेल, तर पालक नेमायची गरजच नाही. ते स्वतः मालक होऊ शकतं, स्वतःचं मृत्युपत्रही करू शकतं, त्याला विचारूनच सगळं करा. दीर्घ मानसिक आजार राष्ट्रीय न्यास कायद्यात येत नाही. तिथे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या मर्यादित पालकत्वाचा मार्ग बघावा लागतो. कोमातल्या माणसासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडे कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या.

एक गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही आणि मी प्रत्येक आईला करायला लावते. दोनशे पानी वही. माझ्या एका अशीलबाईंची वही माझ्या डोळ्यांपुढे आहे, वर शाळेच्या वह्यांना घालतात तसं तपकिरी कव्हर. आत लिहिलेलं: भाकरी दुधात कुस्करून, वरून साखर नाही. कुकरची शिट्टी झाली की कान झाकतो, आधी सांगावं. झटक्याची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८, एक जरी चुकली तरी दुसऱ्या दिवशी अंगात कसकस. गर्दीत हात सोडू नये, पण धरायचा तो मनगटाला नाही, बोटाला. रविवारी रंकाळ्यावर नेलं नाही तर सोमवारी जेवत नाही. त्या बाई गेल्या तेव्हा मुलगा निवासी संस्थेत गेला आणि तिथल्या ताईंनी पहिल्या रात्री ती वही वाचून काढली. त्याने दुसऱ्या दिवशी दूध-भाकरी खाल्ली.

निवासी संस्थेचा विषय तुमच्या घरात अजून निघाला नसेल, तर तो हळूहळू काढा. वर्षातून आठ-पंधरा दिवस त्याला तिथे राहायची सवय तुम्ही दोघं असतानाच लागू द्या. घर, आई आणि वडील एकाच महिन्यात सुटले, तर त्याला ते सोसणार नाही.

या आठवड्यात एवढं करा, गुरुजी. दिव्यांग दाखला, पेन्शनचा आदेश, ठेवींच्या पावत्या आणि शेताचे जुने फेरफार एका फाईलला लावा, आणि रविवारी मुलीला-जावयांना जेवायला बोलवून ती फाईल त्यांच्यापुढे उघडा. फेरफारात जमीन वडिलांकडे कशी आली असं लिहिलंय ते इथे कळवा, म्हणजे वाटप आधी की विक्री, हे नेमकं सांगता येईल.